मांगरातली दूधखोली

४ ऑक्टोबर १९५९

आज सीतेचं बाळ गेलं.

सीता आमच्या पाणंदवाडीच्या टोकाला राहते. नवरा मुंबईला गिरणीत. बाळंतपणानंतर तिला हिवताप झाला, दूध आटलं, आणि सासूनं बाळाला पेजेच्या निवळीवर ठेवलं. मला कळलं तेव्हा बाळाचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अशी कातडी मी मोंबासाला पुष्कळ पाहिली आहे. मला काही विचारायची गरज नव्हती.

सासू म्हणाली, "देवान दिल्यान, देवानच व्हरल्यान."

मी म्हटलं, "देवाला कशाला मध्ये घेता? पेजेच्या पाण्यानं नेलं."

अंगणातली सगळी माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. दत्तारामभावोजी, माझे धाकटे दीर, मला दंडाला धरून नव्हे पण जवळजवळ तसंच घरी घेऊन आले. "सुतकाच्या घरात असां बोलतत, वयनी?"

"मग कुठल्या घरात बोलायचं?"

ते पाठ फिरवून गेले.  आज झोप येणार नाही हे दिसतंच आहे.

७ ऑक्टोबर

ठरवलं. काजूच्या बागेतलं जुनं शेतघर, आमचा मांगर, उघडायचा.

यांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी माझं अर्धं आयुष्य आफ्रिकेत, मोंबासाला गेलं. तिथे इनेसबाई म्हणून गोव्याची एक नर्स होती. तिनं चर्चमागच्या पडवीत बाळंतिणींसाठी एक खोली चालवली होती. तिथल्या काळ्या बायका येत, अरब येत, आपल्याकडच्याही येत. उकळलेलं पाणी, दूध, बाळाचं वजन, चार शहाणपणाच्या गोष्टी. एवढंच. मी रोज दुपारी तिथे जायची. घरात बसून करण्यासारखं मला तेव्हा काही उरलं नव्हतं. का उरलं नव्हतं ते इथे लिहायचं कारण नाही.

हे गेले, मी गावी परतले. वाटणीत मांगर आणि त्याच्याभोवतीची काजूची झाडं माझ्याकडे आली. मांगरात सध्या नारळाच्या वाळक्या चुडत्या आणि उंदीर राहतात.

११ ऑक्टोबर

चुडत्या काढल्या, शेणानं सारवलं. भावोजी कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"वयनी, ही आफ्रिका न्हय."

"मुलं तिथंही अशीच मरतात, भावोजी."

त्यांची बायको सुशीला तेवढ्यात आलं मागायला आली. मी दिलं. तिनं मांगर चारी बाजूंनी नीट पाहून घेतला. नवऱ्याला सांगायलाच असणार.

२५ ऑक्टोबर

माझी म्हैस दूध देते, चूल पेटते, पाणी उकळतं, आणि कोणी येत नाही. मी एकटी पाटावर बसून वाट पाहते. आज दूध विरजण लावायला घरात नेलं. लाज वाटली.

२८ ऑक्टोबर

पहिली बाई आली. कोण, तर सीता! जिच्याकडे पाजायला बाळच उरलं नाही, ती.

"काकी, माका कायतरी काम देवा. घरात बसलंय की पाळणो दिसता."

मी तिला झाडू दिला. तिनं झाडलेलंच पुन्हा झाडलं. मग चुलीपुढे बसली. मी तिला एक शब्द विचारला नाही. माझ्याशीही त्या वेळी कोणी बोलू नये असंच मला वाटत असे.

१८ नोव्हेंबर

सीतेनं एकेकीला हाताला धरून आणलं. आता रोज अंगण भरतं. मी नियम केले आहेत. हात धुवायचे. दूध इथंच प्यायचं, घरी नेलं की ते सासरा पितो. वेळेवर यायचं, वेळेवर जायचं.

पहिला नियम पाळतात. बाकीचे मोडतात. गंगारामदादा गावकार, म्हणजे आमच्या गावचे पहिले मानकरी, त्यांची सून लक्ष्मी तर दूध पिऊन झाल्यावरही उठतच नाही. मी आज बोलले, "इथे दूध मिळतं, गप्पागजाली नाही."

ती खदखदून हसली. "काकी, दूध घराकडे पण मेळता. गजाली मेळणत नाय."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. शिस्त हवी.

२ डिसेंबर

आज संध्याकाळी सीता आपल्या माहेरच्या गावची एक मुलगी घेऊन आली. नाव शेवंती. वय विशीच्या आत-बाहेर. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, बोचक्यात एक लुगडं. तिचा नवरा मरून दोन वर्षं झाली. त्यापुढचं सांगायला नको. सासरच्यांनी तिला एस्टीच्या थांब्यावर आणून सोडलं आणि ते मागे न पाहता गेले. वाटेवर ओळखीची म्हणून ती सीतेचं घर शोधत आली.

मी विचारलं, "कोण तो?"

तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाव सांगलंय तरच ठेवतल्यात?"

मला ती तेव्हाच आवडली. पुन्हा विचारलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला विचारू देणार नाही.

३ डिसेंबर

भावोजी आले ते वहाणा न काढताच. "तिका न्हेवन सोडा."

"कुठे?"

"खंय ती."

"'खंय ती' नावाचं गाव मला माहीत नाही, भावोजी. एस्टी जाते का तिथे?"

ते पाय आपटत गेले. सुशीला मागे रेंगाळली. आलं हवं होतं म्हणे. एवढ्या आल्याचं ही करते काय?

२३ डिसेंबर

गावच्या सुईणीनं निरोप पाठवला की तिला ताप आहे. मी सीतेला म्हटलं, पाणी तापव.

दुपार टळली तेव्हा मुलगी झाली. माझ्या हातात आली. नाळ मी कापली. पहिलं रडणं मी ऐकलं. इनेसबाईच्या खोलीत मी कितीतरी बाळं हातात घेतली होती, पण ती सगळी कोणाची तरी होती.

शेवंती पडल्या पडल्या हात पुढे करत होती. मी म्हटलं, थांब, आधी पुसू दे. जरा वेळ लागला पुसायला.

९ जानेवारी १९६०

मांगरात पहाटे गारठा असतो. बाळ माझ्या खोलीत निजवते. आफ्रिकेतून आणलेली मऊ कापडं आहेत, त्यांची झबली शिवली. शेवंतीला पुरी झोप मिळाली पाहिजे, अंगात रक्त नाही तिच्या. पाजायची वेळ झाली की बोलावते. कधी कधी वाटीनं वरचं दूधही देते. म्हशीचं दूध, पाणी घालून, उकळून. काही बिघडत नाही.

सीता आज म्हणाली, "काकी, तिका भरपूर दूध आसा."

मला माहीत नाही का?

१५ जानेवारी

बारसं. बाहेरची कोणी आली नाही, मांगरातल्याच बायका. शेवंतीला आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं, भागीरथी. मी म्हटलं, अगं, फार जुनाट. नलिनी ठेवू. हे नाव माझ्या मनात फार वर्षं आहे. शेवंती काही बोलली नाही. म्हणजे आवडलं असावं.

२१ जानेवारी

देवळात गाव बसला. आम्हाला वाळीत टाकलं आहे. आम्हाला म्हणजे मला. माझ्याकडे कोणी जेवायचं नाही, माझ्याकडची वस्तू घ्यायची नाही, न्हावी-परीट बंद, मांगरासाठी देवळापुढच्या बावेचं, म्हणजे विहिरीचं, पाणी बंद. भावोजींनी वेगळी चूल असल्याची आठवण गावाला करून दिली आणि आपली सुटका करून घेतली.

मला न्हाव्याचं काम नाही. कपडे मी स्वतः धुते. पाणी माझ्या आडाला आहे. मग माझं काय बिघडलं?

लक्ष्मी येईनाशी झाली. गावकारांचीच सून ती. तिचा नवरा शिवा तिला न्यायला आला तेव्हा रडत होती. उरलेल्या जणींना मी म्हटलं, ज्यांना भीती वाटते त्यांनी जावं. चौघी गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. एकीनं विचारलं, "काकी, आज दूध नाय काय?"

जग चालू आहे.

१७ मार्च

शिमग्याची पालखी वाडीत आली. प्रत्येक दारात थांबली, प्रत्येक अंगणात नाचली, आणि माझ्या दारापुढून वाकडी होऊन समोरच्या भाताच्या कुणग्यातून गेली. ढोल सुद्धा तेवढ्यापुरता थांबवला. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. मुद्दामच उभी होते.

देव गेला त्या दिशेला तोंड करून मी ओवाळलं. मोठ्यानं म्हटलं, "रवळनाथा, तुला उचलणाऱ्यांनी वळवलं. तू स्वतः वळला नाहीस, ते मला माहीत आहे."

पालखीखालच्या एकाचं पाऊल चुकलं. माझ्या मागे मांगरातल्या बायका येऊन कधी उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. शेवंतीनं नलूला कडेवर घेतलं होतं आणि देवापुढे तिची मान हातानं वाकवत होती. मी म्हटलं, उन्हात कशाला आणलंस तिला, दे इकडे.

२ एप्रिल

मी नलूला दत्तक घेणार. मालवणला जाऊन वकिलांना भेटून आले. विधवेला घेता येतं, नवा कायदा आहे. जन्मदातीची संमती लागते.

विचार पक्का आहे आणि सगळ्या बाजूंनी चांगला आहे. मुलीला नाव मिळेल, घर मिळेल, शिकेल. शेवंती मोकळी होईल. मुंबईला यांच्या मित्रांच्या घरी स्वयंपाकाला बाई हवी आहे, फार सज्जन माणसं. पावसापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं तिला पाठवता येईल.

भावोजींना कळलं. घर डोक्यावर घेतलं. "खंयच्या कोणाच्या पोराक आमच्या घराचां नाव?" त्यांना वाटणीची काळजी. मी म्हटलं, मी गावाला भ्यायले नाही, तुम्हाला भिऊ?

सुशीला दारात होती. म्हणाली, "वयनी, शेवंतीक इचारलास?"

विचारायचं काय त्यात? तिच्या भल्याचंच आहे.

१४ एप्रिल

आडाचं पाणी खारं व्हायला लागलं. दर वर्षी होतं, समुद्र जवळ. एरवी या दिवसांत वाडी देवळापुढच्या बावेवर जाते. ती बंद. सीता आणि शेवंती पहाटे व्हाळातल्या, म्हणजे आटत आलेल्या ओढ्यातल्या, खड्ड्यातून झिरपलेलं पाणी वाटी वाटीनं भरून आणतात. ते उकळते, गाळते. तरी दोन बाळांची पोटं बिघडली. मी घाबरले नाही असं लिहिणार होते. घाबरले.

२० एप्रिल

शेवंतीला सांगितलं. दुपारी बोलावून, पाटावर बसवून, नीट समजावून.

तिनं सगळं ऐकलं. नलू माझ्या मांडीवर होती. शेवटी म्हणाली, "माझां चेडू माका देवा, काकी. पाजूची वेळ झाली."

"आत्ताच दूध दिलंय तिला."

"देवा."

तिनं उचलून घेतलं. मग उभ्यानंच बोलली. आवाज चढवला नाही. "सासरच्यांनी माका रस्त्यार सोडल्यानी. तुमी दार उघडल्यात. मरापर्यंत इसराचंय नाय. पण त्या उपकारापायी पोटचां चेडू देवचंय नाय. त्येंनी माका टाकल्यानी ता मी सोसलंय. तुमी माका चेडू देवन उपकार फेडूक सांगतास."

"मी तुझ्या भल्यासाठी सांगते आहे!"

"सासू पण ह्याच म्हणाली होती. थांब्यार सोडताना."

बोचकं घेऊन ती सीतेकडे गेली. जाऊ दे! दोन दिवसांत येईल. कृतघ्न.

२२ एप्रिल

आली नाही.

२३ एप्रिल

मांगरात आज कोणीच आलं नाही. सीताही नाही. दूध तसंच. गावानं वाळीत टाकलं तेव्हा या बायका उठल्या नव्हत्या.

२५ एप्रिल

सुशीला आली. आलं मागितलं नाही. ओटीवर बसली, इकडचं तिकडचं बोलली, मग माझ्या शिवणाकडे पाहून म्हणाली, "वयनी, ह्यां झबलां चार म्हयन्याच्या पोराक बसाचां नाय. लय बारीक शिवलास. जन्मल्या पोराचां ह्यां."

पाहिलं तर खरंच. हाताला सवय असते, ते माप येतं. मोंबासाला माझ्या बाळासाठी त्यापुढचं माप शिवायची वेळच आली नाही.

तिला म्हटलं, तू जा. ती गेली नाही. बसून राहिली. मला रडताना पाहिलेली ती गावातली पहिली बाई. आता नवऱ्याला सांगेल. सांगू दे.

२८ एप्रिल

आज एक जुनी गोष्ट आठवत राहिली.

इनेसबाईच्या खोलीत म्वाना म्हणून एक बाई यायची. घायपाताच्या मळ्याच्या मालकिणीनं, गोऱ्या बाईनं, तिचा मुलगा ठेवून घेतला. शिकवीन, मोठा करीन म्हणाली. खोटं नव्हतं ते. मुलाला बूट होते, पलंग होता. म्वाना रोज त्यांच्या फाटकाबाहेर येऊन बसायची. काही मागायची नाही. नुसती बसायची. मी संतापून इनेसबाईला म्हटलं होतं, ही कसली दया? ती म्हणाली, "उपाशी बायलेक दूद दिवंचें तें तिणें भुरग्याक पाजचें म्हूण. भुरग्याच्या मोलान न्हय." दूध द्यायचं ते आईनं लेकराला पाजावं म्हणून, लेकराच्या मोलानं नव्हे.

ती मालकीण वाईट बाई नव्हती. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तिनं मुलासाठी हातानं कपडे शिवले होते.

पुढे लिहवत नाही.

१ मे

नवं राज्य झालं. शाळेतल्या मुलांनी फेरी काढली, झेंडे, घोषणा. आमची पाणंद सोडून सगळीकडे गेली.

संध्याकाळी भावोजी आले, हसत. कित्येक महिन्यांनी हसत. गंगारामदादांनी तोड काढली आहे म्हणे. शेवंतीला बोटीवर बसवायचं. मुलगी मी ठेवायची. अनाथ पोर पोसलं म्हणून गाव उलट मान देईल. बाव मोकळी, पालखी मोकळी, सगळं मोकळं. दत्तकालाही भावोजींची हरकत नाही. उद्या देवळात येऊन फक्त 'हो' म्हणायचं.

 त्यांनी माझाच बेत ताटात घालून माझ्यापुढे ठेवला होता. एक कणही वेगळा नव्हता.

नलू माझ्याकडे. पाणी गोड. सगळे बरोबर. मी खोटं लिहीत नाही: मला ते हवं होतं. अजून हवं आहे.

२ मे

देवळात बायकांनी पायरीखाली उभं राहायचं अशी रीत आहे. मी पायरीवर उभी राहिले.

गंगारामदादा मऊ बोलले. "आनंदीवयनी, गाव काय तुमचो दुष्मन न्हय. त्या बायलेक बोटीर घाला. अनाथ चेडू तुमी पोसा. पुण्य आसा."

"अनाथ? तिची आई सीतेच्या पडवीत बसली आहे."

"बोटीर चढली की झालां अनाथ."

माणसं हसली. भावोजीही हसले. मी नाही म्हणायला आले होते की हो म्हणायला, हे मला त्या क्षणापर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. ते हसणं ऐकलं आणि ठाऊक झालं.

म्हटलं, "म्हणजे तुम्ही आणि मी मिळून तिला अनाथ करायचं, आणि पुण्य वाटून घ्यायचं. मला माझा वाटा नको. मूल आईचं आहे. त्या दोघी माझ्या मांगरात राहतील आणि दूधखोली यापुढे शेवंती चालवील. तिला बाळ वाढवायला माझ्यापेक्षा जास्त येतं, हे तिनं मला दाखवलं आहे."

"मगे बाव बंदच रवतली," दादांचा मऊपणा गेला.

"राहू दे. पण बावेवर पहाऱ्याला माणूस लागेल. त्याचं नाव आज इथेच सांगा. त्याच्या घरच्या बाळंतपणाला मी येईनच, न बोलावता येईन. पण नाव लक्षात ठेवून येईन."

कोणी नाव सांगितलं नाही. मी पायरी उतरून पाणंदीला लागले.

३ मे

सीतेकडे गेले. शेवंती मुलीला पाजत होती. मी उभीच राहिले, बस असं कोणी म्हणेना.

देवळातलं त्यांना आधीच कळलं होतं. या वाडीत बातमीला पाय लागत नाहीत.

म्हटलं, "वकिलाकडे जाणार नाही. तू परत ये."

"चेडू माझ्याकडे निजतली," शेवंती म्हणाली.

"बरं."

"वरचां दूध नको."

"बरं."

"आणि तिचां नाव भागीरथी."

इथे मला वेळ लागला. तिनं तो दिला. घाई केली नाही.

"बरं," मी म्हटलं.

मग सीतेनं भिंतीशी उभा केलेला पाट माझ्यासाठी मांडला.

७ मे

मांगर पुन्हा भरला. शेवंतीनं माझे दोन नियम मोडीत काढले. बायका हव्या तेवढ्या वेळ बसतात. मला पटत नाही. मी तिला सांगितलं की पटत नाही. ती म्हणाली, "बरां," आणि काही बदललं नाही.

भागी मला पाहून हसते. कधी कधी शेवंती स्वतःहून आणून माझ्या मांडीवर ठेवते, आणि मला विचारल्याशिवाय उचलून नेते. दोन्ही वेळा मी काही बोलत नाही. दुसऱ्या वेळी ते कठीण जातं.

पण पाणी! व्हाळातला खड्डा आज कोरडा झाला.

८ मे

सकाळी मी कळशी घेतली आणि निघाले. म्हटलं, बघू कोण अडवतं. मांगराच्या दारातच शेवंती आडवी आली.

"तुमी नको. तुमी गेल्यात तर तुमका वाट देतले. तुमी घरातल्या. ती वाट माका देवक व्हयी."

"ते तुला मारतील."

"मारूक हात लावचो लागता," ती म्हणाली. माझ्या हातातून कळशी घेतली. भागीला लुगड्यानं पाठीशी बांधलं आणि गेली. सीता उठली. मग दुसरी उठली, मग सगळ्याच. त्यांची मुलं माझ्यापुढे चटईवर. अर्ध्यांनी भोकाड पसरलं. मी मागून धावत जाणार होते. कोणाला सोडून जाऊ? बसले.

पुढचं सीतेनं सांगितलं, अंगणभर करून दाखवलं.

बावेवर शिवा उभा. गावकारांचाच मुलगा, दुसरा कोणी तयार झाला नसावा. हातात काठी. बावेभोवती वाडीतल्या बायका पाणी भरायला आलेल्या, त्यांत त्याची लक्ष्मी. शिवा म्हणाला, "फाटी फिर."

शेवंती चालतच राहिली. काठीला छाती टेकेपर्यंत. "मी बाटलेली मा? मगे हात लाय माका, आणि ढकल. बाटलंस तर न्हावक पाणी हंयच आसा."

लक्ष्मी हसली. अगदी तशीच खदखदून. तिला आवरेना. मग दुसरी कोणी हसली. शिवाचे कान लाल झाले. लक्ष्मी म्हणाली, "बाजूक व्हया आता. उनात पोरां आसत."

तो बाजूला झाला नाही. पण काठी खाली गेली.

तेवढ्यात बावेच्या काठावरून पाणी ओढायचा दोर खाली सुटल्याचा आवाज आला. आमची सुशीला. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पाणी ओढलं, चार पावलं चालत आली आणि सगळ्या वाडीदेखत शेवंतीच्या कळशीत ओतलं. मग पुन्हा दोर सोडला, सीतेसाठी. पारावर भावोजी बसले होते. ते म्हणाले, "सुशीला!" ती म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय, जावन जेवा."

आज भावोजी घरात कोणाशी बोलत नाहीत. गाव उद्या पुन्हा बसणार आहे म्हणे. बसू दे.

शेवंती आली ती घामानं चिंब, पाठीवर भागी गाढ झोपलेली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन. तिनं कळशी चुलीपाशी ठेवली, पाणी मडक्यात ओतलं, आत डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यां पुराचां नाय, काकी. उद्या हंडो व्हयो."

मी माळ्यावरून तांब्याचा मोठा हंडा काढला. काळा ठिक्कर पडला आहे. चिंच आणि राख घेऊन घासायला बसले आहे, मधे हात पुसून हे लिहिते आहे.